‘अडवणे’ आणि ‘धरणे’ : अमेरिकन फुटबॉलमधील होल्डिंगच्या नियमाची समीक्षा

प्रास्ताविक

खेळाचे नियमपुस्तक हे सहसा मजकूर म्हणून वाचले जात नाही. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात ते पाठ केले जाते, परीक्षेत त्यावर टिपा लिहिल्या जातात आणि मैदानावर वाद झाला की त्याचा हवाला दिला जातो. परंतु ज्या मजकुराच्या एकेका विशेषणाचा अर्थ लावताना अनुभवी पंचांमध्येही मतभेद होतात, तो समीक्षेस पात्र नाही असे म्हणता येणार नाही. अमेरिकन फुटबॉलमधील ‘होल्डिंग’ हा अपराध या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. या खेळात जवळजवळ प्रत्येक चालीत कोठे ना कोठे होल्डिंग घडतेच, असे प्रशिक्षक आणि समालोचक उघडपणे म्हणत आले आहेत. एखादा अपराध सतत घडतो, तो घडतो हे सर्वांना मान्य असते आणि तरीही त्याची शिक्षा मोजक्याच वेळी होते, तेव्हा खरा नियम कोणता, पुस्तकात छापलेला की पंचाने टाकलेल्या पिवळ्या रुमालातून प्रकट होणारा, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मराठी वाचकास हा खेळ फारसा परिचित नाही. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या स्पर्धेत ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ उतरला होता, पण तेवढ्याने खेळ येथे रुजला असे झाले नाही. म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक ठरते. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानावर असतात. चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या आक्रमक संघास चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. चेंडू घेऊन धावणाऱ्या किंवा तो फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे संरक्षण करण्यासाठी पुढच्या फळीत पाच धिप्पाड खेळाडू असतात. चेंडूला हातही न लावता, अंगावर चालून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास आपल्या देहाने अडवणे हेच त्यांचे काम. या अडवण्यास ब्लॉकिंग म्हणतात. उघड्या तळहातांनी ढकलणे, छाती भिडवणे, वाट रोखून धरणे हे सारे नियमसंमत आहे. मात्र प्रतिस्पर्ध्यास धरून ठेवणे नियमबाह्य आहे. कबड्डीत पकड हाच खेळाचा प्राण असतो, आणि चढाई करणाऱ्यास हातपाय व धड यांखेरीज अन्यत्र धरू नये एवढाच निर्बंध असतो. येथे स्थिती उलट आहे. चेंडूधारकास पकडण्याचा अधिकार बचाव करणाऱ्यांना आहे. त्याच्या संरक्षकांना मात्र कोणालाही पकडण्याचा अधिकार नाही.

नियमाची भाषा

व्यावसायिक खेळाचे नियमन करणाऱ्या नॅशनल फुटबॉल लीगच्या, अर्थात एनएफएलच्या, नियमपुस्तकात होल्डिंगची व्याख्या हातांच्या कृतीपासून सुरू होते आणि परिणामापाशी येऊन थांबते. हात किंवा बाहू यांचा वापर करून प्रतिस्पर्ध्यास भरीव स्वरूपाचा अडथळा करणे, अथवा त्याच्या पाठलागाची दिशा वा कोन बदलणे, असा तिचा आशय आहे. पुढे उदाहरणे येतात : पकडणे, अडकवणे, हिसका देणे, पिळणे, वळवणे, जमिनीवर ओढणे. ही यादी परिपूर्ण नाही, असेही नियमच सांगतो.

या क्रियापदांकडे लक्षपूर्वक पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ही क्रियापदे वाक्यरचनेत अडवणाऱ्याची असली, तरी त्यांचा पुरावा दुसऱ्याच्या शरीरावर सापडतो. पिळला जातो तो बचावपटूचा खांदा. वळते ती त्याची कंबर. थांबते ते त्याचे पाऊल. अडवणाऱ्याची बोटे जर्सीत रुतलेली आहेत, पण समोरचा खेळाडू सुटण्यासाठी धडपडतच नसेल, तर ‘भरीव अडथळा’ कोठे आहे? हात प्रतिस्पर्ध्याच्या देहाच्या चौकटीच्या आत होते की बाहेर, यावरही एनएफएलमध्ये अपराध ठरत नाही. जुन्या पिढीतील अनेक प्रेक्षक आजही ‘हात आत होते, मग चालते’ असे म्हणतात. ते नियमास धरून नाही.

महाविद्यालयीन स्पर्धांचे नियम करणाऱ्या एनसीएए या संस्थेची भाषा याहून वेगळी आहे. तेथे हात कोपरांच्या पुढे असावेत, खांद्याच्या उंचीवर अथवा त्याखाली असावेत, देहाच्या चौकटीच्या आत असावेत, एकमेकांत गुंफलेले नसावेत, अशी भूमितीची भाषा आढळते. भूमितीचा नियम शिकवण्यास सोपा आणि छायाचित्रावरून तपासण्यास त्याहून सोपा असतो. परिणामाचा नियम शिकवण्यास अवघड, कारण परिणाम छायाचित्रात दिसत नाही. तो हालचालीत दिसतो. तथापि महाविद्यालयीन पंचही प्रत्यक्ष निर्णय देताना भूमितीवर थांबत नाहीत. चौकटीच्या बाहेर गेलेला हात दिसला तरी त्याने समोरच्याचे काही अडले का, हे ते पाहतातच. भाषा निरनिराळ्या असूनही दोन्ही ठिकाणचा व्यवहार बराच जवळ येतो, हे नोंद घेण्याजोगे आहे.

एनएफएलच्या नियमाचा सर्वांत रोचक भाग अपवादांचा आहे. चेंडूधारकास त्याच क्षणी दुसरा बचावपटू पकडत असेल, तर शेजारी घडलेले होल्डिंग पुकारले जात नाही. चालीच्या मुख्य जागेपासून दूर, आणि जवळच्या फळीच्या झुंजीबाहेर घडलेली कृतीही दुर्लक्षिली जाते. बचावपटू स्वतःच तोल जाऊन पडत असेल आणि अडवणारा त्याच्यावर कोसळला, तर तोही अपराध नाही. मात्र खाली पडलेल्यास त्याने उठू दिले नाही, तर तो अपराध होतो.

आणि एक अपवाद तर केवळ शरीरविद्येचा आहे. बचावपटू आपला बाहू खालून वर उचलून अडवणाऱ्याच्या काखेत घुसवतो आणि निसटू पाहतो. या युक्तीस ‘रिप’ म्हणतात. तिच्यामुळे अडवणाऱ्याचा हात आपोआप बचावपटूच्या मानेभोवती जातो. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ते चित्र गळा आवळल्यासारखे दिसते. प्रेक्षक ओरडतात, समालोचक चुकचुकतात. पण ते चित्र बचावपटूनेच निर्माण केलेले असते, आणि नियम त्याचा लाभ त्याला देत नाही. दिसणे आणि घडणे यांतील अंतर इतक्या नेमकेपणाने नोंदवणारी कलमे क्रीडानियमांत विरळाच असतील.

म्हणजेच ‘पंच नियम पाळत नाहीत, आपल्या मर्जीने सूट देतात’ हा सर्वसाधारण आरोप अर्धाच खरा आहे. सुटीचा मोठा भाग नियमाच्या पोटातच लिहिलेला आहे. विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ (१९६१) या ग्रंथात खेळातील गुणलेखकाचे उदाहरण घेतले आहे. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असला, तरी तो ज्या नियमानुसार निर्णय देऊ पाहतो तो नियम त्याच्या बाहेर असतो. म्हणूनच अंतिम निर्णयही चुकीचा होता असे म्हणणे अर्थपूर्ण ठरते. ज्या खेळात गुणलेखक म्हणेल तोच गुण, तो निराळाच खेळ झाला. होल्डिंगच्या बाबतीत हीच कसोटी लावावी लागेल. पंचास अर्थनिर्णयाचा अधिकार आहे की नाही, हा वाद निरर्थक आहे. तो अधिकार ‘भरीव’ या एका विशेषणानेच दिलेला आहे. खरा प्रश्न असा की, तो अधिकार ज्या मापाने वापरला जातो ते माप मैदानावरील सर्वांना आधी ठाऊक असते काय, आणि ते सामन्याच्या पहिल्या व शेवटच्या चालीत एकच राहते काय.

पंचाची जागा आणि नजर

एनएफएलच्या सामन्यात सात पंच असतात. दोन्ही संघांच्या मिळून सव्वाशेच्या आसपास चाली होतात असे धरले, आणि प्रत्येक चालीत पुढच्या फळीतील पाच झुंजी मोजल्या, तर सहाशेहून अधिक झुंजींचा न्याय करावा लागतो. प्रत्येक झुंज काही सेकंदांची. सगळे सर्वांनी पाहणे अशक्य असल्याने नजरेची वाटणी केलेली असते. मुख्य पंच, म्हणजे रेफरी, क्वार्टरबॅकच्या मागे, त्याच्या फेकणाऱ्या हाताच्या बाजूस उभा राहतो आणि पलीकडच्या टोकाच्या अडवणाऱ्याकडे लक्ष ठेवतो. मधल्या तिघांची झुंज प्रामुख्याने अंपायर पाहतो.

या अंपायरची जागा २०१० मध्ये बदलली. तोपर्यंत तो बचावफळीच्या मागे, खेळाडूंच्या वाटेतच उभा असे आणि धडका खाऊन जखमी होत असे. सुरक्षिततेसाठी त्याला आक्रमक संघाच्या मागे नेण्यात आले. निर्णय योग्यच होता. परंतु समीक्षकाच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम दुर्लक्षिला गेला आहे. पूर्वीच्या जागेवरून अंपायरला अडवणाऱ्याची छाती आणि हात समोरून दिसत. नव्या जागेवरून त्याला अडवणाऱ्याची पाठ दिसते आणि त्या पाठीआड हात झाकले जातात. आता हात पाहून नव्हे, तर पलीकडच्या बचावपटूचा खांदा कसा वळला, जर्सी कशी ताणली गेली, त्याची झेप मध्येच का तुटली, यावरून अनुमान काढावे लागते. नियमाची भाषा परिणामाकडे झुकलेली होतीच. जागेच्या बदलाने पंचाची नजरही तिकडेच वळवली.

पंचांच्या प्रशिक्षणात पायांकडे आधी पाहण्यावर भर असतो, त्यामागेही हीच जाण आहे. ज्याचे पाय योग्य जागी आहेत त्याला धरण्याची गरज पडत नाही. ज्याला प्रतिस्पर्ध्याने वळसा घातला, ज्याचे पाय मागे राहिले, तोच हात लांब करतो. त्यामुळे झुंजीचा आरंभ पाहिलेला नसेल तर शेवट पाहून रुमाल टाकू नये, असा दंडक आहे. पाठीवर केलेल्या ब्लॉकच्या अपराधात हे अधिकच खरे ठरते. बचावपटूने ऐन वेळी स्वतःहून पाठ फिरवली तर तो अपराध होत नाही. पण उशिरा नजर वळवलेल्या पंचाला फक्त पाठीवर टेकलेले दोन तळहात दिसतात.

येथे अपराधांच्या दोन जातींतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मागून कमरेखाली धडक देणे म्हणजे क्लिपिंग. एकाने वरून धरलेल्या खेळाडूस दुसऱ्याने खालून मांड्यांवर वा पायांवर धडक देणे म्हणजे चॉप ब्लॉक. हे गुडघे मोडणारे अपराध आहेत. त्यांची शिक्षा १५ यार्ड आहे आणि त्यांत ‘चालीवर परिणाम झाला का’ हा प्रश्न विचारला जात नाही. उरलेसुरले चॉप ब्लॉकही एनएफएलने २०१६ मध्ये सरसकट निषिद्ध ठरवले. होल्डिंग आणि पाठीवरील ब्लॉक हे मात्र प्रामुख्याने लाभाचे अपराध आहेत. त्यांची शिक्षा १० यार्ड. डोक्याला लक्ष्य करून धडक देण्याच्या अपराधात शंका असेल तर अपराध मानावा, असे महाविद्यालयीन नियमपुस्तक सांगते. होल्डिंगच्या बाबतीत पंचांची परंपरा नेमकी उलट आहे : शंका असेल तर रुमाल खिशातच राहू द्यावा. हा विरोधाभास नव्हे. एकीकडे मोडणारा गुडघा आहे, दुसरीकडे चुकणारे दहा यार्ड. शंकेचा फायदा कोणास द्यायचा हे चुकीची किंमत कोण मोजतो यावर ठरावे, हे तत्त्व येथे नीट पाळलेले दिसते.

शिक्षेचे राजकारण

पण होल्डिंगचा नियम केवळ न्यायाच्या तत्त्वाने घडला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९७४ मध्ये एनएफएलने आक्रमक संघाच्या होल्डिंगची शिक्षा, अपराध फळीच्या मागे किंवा तिच्या अगदी जवळ घडल्यास, १५ यार्डांवरून १० यार्डांवर आणली. १९७८ मध्ये फेकीच्या वेळी अडवणाऱ्यांना बाहू लांब करून उघड्या तळहातांनी ढकलण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वी हात छातीशी जवळ ठेवूनच अडवावे लागे. त्याच वर्षी चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंना पाच यार्डांपलीकडे रोखण्यावर बचावपटूंना बंदी आली. एका बाजूचे हात मोकळे झाले, दुसऱ्या बाजूचे बांधले गेले. गुण वाढावेत, चेंडू हवेत अधिक वेळ राहावा, प्रेक्षक खिळून राहावा, हा त्यामागील हेतू होता, आणि तो साध्यही झाला. लांब केलेला बाहू आणि धरणारी मूठ यांत केवळ बोटे मिटण्याचे अंतर असते. ते अंतर पंचाने ओळखावे अशी अपेक्षा ठेवून नियमकर्ते मोकळे झाले. पुढील चार दशकांतील वादाचे मूळ पंचांच्या दृष्टिदोषात नसून या धोरणात आहे.

२०१९ च्या हंगामात याचा प्रत्यय आला. त्या वर्षी चालीच्या मागच्या बाजूस होणाऱ्या होल्डिंगवर अधिक कडक लक्ष देण्याची सूचना पंचांना होती. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यांत पिवळ्या रुमालांचा पाऊस पडला. सप्टेंबरमध्ये टेनेसी टायटन्स आणि जॅक्सनव्हिल जॅग्वार्स यांचा सामना पाहताना टॉम ब्रॅडी यांच्यासारख्या अग्रणी खेळाडूने जाहीर नाराजी व्यक्त केली. लगोलग लीगने आपल्या मुख्य पंचांशी संवाद साधला आणि होल्डिंगचे निर्णय कमी झाले. नियमपुस्तकातील एक शब्दही मधल्या काळात बदललेला नव्हता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात १० यार्ड गमावलेला संघ आणि ऑक्टोबरमध्ये त्याच कृतीबद्दल काहीच न गमावलेला संघ एकाच गुणतक्त्यात उभे राहतात. हार्ट यांच्या कसोटीवर हा प्रसंग उतरत नाही. ‘भरीव’ या शब्दाचा अर्थ कडक लावणे समर्थनीय आहे, सैल लावणेही समर्थनीय आहे. हंगामाच्या मध्यात, तक्रारीच्या दबावाखाली, बंद दाराआड तो बदलणे समर्थनीय नाही.

यावर चित्रफितीच्या साहाय्याने फेरतपासणी हा उपाय सुचवला जातो. त्याचीही परीक्षा झालेली आहे. २० जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लिन्स सेंट्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स या उपांत्य स्वरूपाच्या सामन्यात, चेंडू पोहोचण्याआधीच रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमन यांनी झेलणाऱ्यास धडक दिली आणि रुमाल पडला नाही. रॅम्सने तो सामना अतिरिक्त वेळेत २६-२३ असा जिंकला. हा अपराध होल्डिंगचा नव्हता, फेकीत अडथळा आणण्याचा होता. पण तोही तितकाच अर्थनिर्णयाचा विषय. संतापाची लाट पाहून लीगने २०१९ च्या हंगामापुरती अशा निर्णयांची फेरतपासणी सुरू केली आणि एका हंगामानंतर ती गुंडाळली. मंदगतीने फिरणाऱ्या चित्रफितीत प्रत्येक स्पर्श भरीव वाटतो, आणि प्रत्येक भरीव स्पर्श पुन्हा पाहिला की शंकास्पद वाटतो. क्रिकेटमधील पायचीतच्या निर्णयात यंत्र निदान चेंडूचा मार्ग तरी रेखाटते. येथे रेखाटण्यासारखी रेषाच नाही.

१२ फेब्रुवारी २०२३ रोजीचा सत्तावन्नावा सुपर बोल सामना उलट बाजूने बोलका आहे. कॅन्सस सिटी चीफ्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स ३५-३५ असे बरोबरीत, दोन मिनिटांहूनही कमी वेळ शिल्लक. चीफ्सच्या तिसऱ्या प्रयत्नातील फेक अपुरी पडली, पण ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरी यांनी झेलणाऱ्यास धरल्याचा रुमाल पडला. बचावातील होल्डिंगची शिक्षा पाच यार्ड आणि नवे चार प्रयत्न. चीफ्सने वेळ संपवत नेली आणि अखेरच्या क्षणी तीन गुण घेऊन सामना ३८-३५ असा जिंकला. सामन्यानंतर ब्रॅडबेरी यांनी आपण जर्सी ओढल्याचे स्वतःच मान्य केले. तरीही टीका थांबली नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, असा स्पर्श सामनाभर सोडून दिला गेला होता. मग शेवटच्या दोन मिनिटांतच नियम का आठवला?

या टीकेत दोन निरनिराळे आक्षेप गुंतलेले आहेत आणि ते सहसा वेगळे केले जात नाहीत. सामनाभर एक माप आणि शेवटी दुसरे, हा आक्षेप गंभीर आहे. तो सिद्ध झाला तर पंच दोषी. परंतु ‘शेवटी खेळाडूंना खेळू द्यावे, निकाल पंचाने ठरवू नये’ हा दुसरा आक्षेप तपासणीत टिकत नाही. रुमाल न टाकणे हाही निर्णयच आहे, आणि सेंट्सच्या समर्थकांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. अखेरच्या मिनिटांत सूट द्यायची असे ठरले, तर ती सूट नेहमी धरणाऱ्याच्या पदरात पडते. निसटलेल्याच्या कधीच नाही. ब्रॅडबेरी यांचा प्रामाणिकपणा टीकाकारांपेक्षा नियमाच्या अधिक जवळ होता.

परिणामाच्या कसोटीची खरी मर्यादा मात्र वेगळ्याच ठिकाणी उघडी पडली. ३ फेब्रुवारी २०१३ रोजीच्या सत्तेचाळिसाव्या सुपर बोलमध्ये बाल्टिमोर रेव्हन्स सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सविरुद्ध ३४-२९ असे आघाडीवर होते आणि १२ सेकंद उरले होते. चेंडू लाथेने दूर धाडण्याऐवजी रेव्हन्सच्या सॅम कॉक यांनी तो हातात घेऊन आपल्याच अंतिम क्षेत्रात वेळ काढला आणि मग सीमेबाहेर पाऊल टाकले. प्रतिस्पर्ध्यास सेफ्टीचे दोन गुण मिळाले, पण घड्याळात चारच सेकंद राहिले. दरम्यान त्यांच्या सहकाऱ्यांनी समोरच्या खेळाडूंना राजरोस मिठ्या मारल्या होत्या. अंतिम क्षेत्रात होल्डिंग झाले तर त्याची शिक्षाही सेफ्टीच. जे दोन गुण द्यायचे ठरलेलेच होते, तेच शिक्षा म्हणून द्यावे लागणार होते. अपराध फुकट होता. रेव्हन्सने २७ नोव्हेंबर २०१६ रोजी सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध हीच युक्ती पुन्हा वापरली. या वेळी उरलेले सर्व ११ सेकंद त्यातच संपले आणि सामना १९-१४ असा त्यांच्या नावे झाला. प्रशिक्षकांनी नियमपुस्तक बारकाईने वाचले होते, याबद्दल त्यांचे कौतुकही झाले.

होल्डिंगच्या साऱ्या अर्थनिर्णयामागे एक गृहीतक असते : धरणारा खेळाडू झुंजीत हरला म्हणून धरतो आणि शक्य तर लपवतो. येथे लपवणे नव्हतेच. पंचाच्या नजरेचा, जागेचा, पायांच्या निरीक्षणाचा काही उपयोग नव्हता, कारण अपराध सर्वांना दिसत होता आणि तरी त्याला शिक्षा उरली नव्हती. २०१७ मध्ये एनएफएलने हे छिद्र बुजवले. घड्याळावर डाव साधण्याच्या हेतूने एकाच चालीत अनेक अपराध केल्यास ते खिलाडूवृत्तीविरोधी वर्तन मानून १५ यार्डांची शिक्षा द्यावी आणि गेलेला वेळ घड्याळात परत घ्यावा, असे नवे कलम आले. त्यामुळे एरवी केवळ परिणाम पाहण्यास शिकवलेल्या पंचास या एका प्रसंगी हेतू ओळखावा लागतो. किती खेळाडूंनी धरले म्हणजे तो संघाचा डाव ठरतो आणि किती जणांनी धरले म्हणजे ती नुसती घबराट, हे कलमाने पुन्हा त्याच्याच निर्णयावर सोपवले आहे.